इंडिकेटर दिला होता ना!

सोमवार. सकाळचे साडेआठ. नगर रोडवर वाळूजकडे निघालेल्या गर्दीत मी, माझी मोटरसायकल आणि डोक्यात दहाच्या मीटिंगचं प्रेझेंटेशन. छोटं पंढरपूर आलं. आपलं वाळूजचं पंढरपूर, आषाढीला जिथं अर्धं शहर पायी चालत जातं ते. मी उजवा इंडिकेटर दिला. आरशात बघितलं. एमआयडीसीकडे वळायला हँडल फिरवलं, आणि मागून ब्रेकचा असा काही आवाज आला की प्रेझेंटेशनच्या सगळ्या स्लाइड्स डोक्यातून एका झटक्यात डिलीट!

मागं एका कंपनीची बस उभी होती. माझ्या मागच्या चाकापासून फार तर हातभर लांब. ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आलेला.

"ओ साहेब! वळायचंय तर इंडिकेटर द्यायचा ना! घरी सांगून आलाय का?"

"दिला होता ना!" मी पण आवाज चढवला. कारण खरंच दिला होता. समोरचा पिवळा दिवा अजूनही लुकलुकत होता. कानात टिकटिक वाजत होती. आता आणखी काय द्यायचं?

बाजूच्या चहाच्या गाडीवरचा एक पोरगा हातात ग्लास धरून शांतपणे म्हणाला, "दादा, पुढचा लागला. मागचा नाय लागला."

गाडी बाजूला घेतली. स्टँडवर लावली. इंडिकेटरचं बटण दाबलं आणि मागं जाऊन बघितलं. मागचा उजवा दिवा झकास लुकलुकत होता! पोराकडे बघितलं. त्यानं खांदे उडवले. बस केव्हाच निघून गेली होती. तिच्यातले चाळीसेक लोक आता आपापल्या डिपार्टमेंटमध्ये सांगणार होते की, आज एक येडा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला.

गंमत म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी मी इंडिकेटरचं काम करून घेतलं होतं. तक्रार साधी होती. उजवीकडे वळताना कधीकधी टिकटिक मंदावायची, मधेच दिवा नुसता पेटून राहायचा. आमच्या कॉलनीतल्या मेकॅनिकनं गाडीकडे न बघताच निदान केलं, "रिले गया, मियाँ." जुना रिले काढला, नवा इलेक्ट्रॉनिक रिले टाकला, दीडशे रुपये. टिकटिक एकदम घड्याळासारखी! मी खूश, तो खूश.

बस प्रकरणानंतर दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं मागचे दोन्ही बल्ब बदलले. तिसऱ्यानं सीट काढली, आत एक नजर टाकली आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात तशा आवाजात म्हणाला, "पूरा वायरिंग डालना पडेगा. वैसे भाई, पच्चीस साल की गाडी है. बेच क्यूँ नहीं देते?"

बेच क्यूँ नहीं देते? हा प्रश्न ऑफिसमधला प्रत्येक जण मला विचारतो. तर आधी त्याचं उत्तर.

गाडी आहे कावासाकी बजाज कॅलिबर. २००१ सालची, एमएच-२०. आरसीवर अजून 'औरंगाबाद' लिहिलेलं. आपल्या गावात बजाज म्हणजे नुसती कंपनी नव्हे. १९८५ मध्ये वाळूजला कारखान्याचं उद्घाटन झालं आणि त्याच्या मागोमाग पार्ट पुरवणारी शेकडो छोटी युनिट्स उभी राहिली. बीड, जालना, परभणीकडची माणसं ट्रंक घेऊन आली आणि बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या परिसरात राहिली. बाबा त्यातलेच. एका छोट्या युनिटच्या टूलरूममध्ये फिटर. १९९८ च्या जूनमध्ये पहिली कॅलिबर वाळूजच्या कारखान्यातून बाहेर पडली. आधी सायकल, मग कंपनीची बस, असं करत तीन वर्षांनी आमच्या दारात एक कॅलिबर आली. मी तेव्हा तिसरीत होतो. टाकीवर बसून पहिली फेरी मारली ती अजून आठवते. आता बाबा रिटायर झालेत आणि गाडी माझ्याकडे आलीय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, पर्यावरण कर भरायचा, हे सगळं मी बिनतक्रार करतो. यंदाचं रिन्यूअल तोंडावर आलं होतं आणि इंडिकेटर न लागणारी गाडी तपासणीला न्यायची नव्हती.

म्हणजे आता दोन रस्ते. एक तर अख्खं वायरिंग बदला, नाहीतर स्वतः हात काळे करा. मी साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. यूट्यूब बघितलं. रविवारी सकाळी पोहे खाऊन अंगणात बसलो. घाबरू नका, मी कॉमर्सचा आहे. मला जमलं म्हणजे कोणालाही जमेल.

इंडिकेटरचा सगळा कारभार असा असतो. बॅटरीतून करंट निघतो, फ्यूजमधून जातो, रिलेमध्ये येतो. रिले त्याचे तुकडे करतो, चालू-बंद, चालू-बंद. तिथून तो हँडलवरच्या स्विचकडे जातो. स्विच ठरवतो डावीकडे की उजवीकडे. मग एक वाट पुढच्या बल्बकडे, एक मागच्या. बल्बमधून निघाला की गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे अर्थमधून, बॅटरीच्या मायनसला परत. बस्स, एवढंच! या वाटेवर कुठं तरी नाका बंद आहे. तो शोधायचा.

आणि शोधायचा तर क्रमानं. आपण ऑफिसात काय करतो? प्रिंटर चालला नाही की आधी थेट आयटीला फोन, मग कळतं प्लगच काढलेला होता. तसं नाही करायचं.

पहिली बॅटरी. इंजिन बंद ठेवून मीटर लावायचा. चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. माझी १२.५. पास. दुसरा फ्यूज. इंडिकेटर, हॉर्न, ब्रेकलाइट सगळंच एकदम गेलं असेल तर संशय फ्यूजवर घ्या. माझा हॉर्न तर कॉलनी जागी करणारा. पास. तिसरे बल्ब. काचेला डोळा लावून आतली तार बघायची आणि बुडाशी छापलेला आकडा वाचायचा. चारही बल्ब सारख्या वॅटचे हवेत. माझ्याकडे चारही १२ व्होल्ट १० वॅट. पास. चौथा रिले. हा तपासायला एक सोपी युक्ती आहे. रिलेच्या दोन वायरी काढून त्या एका तुकड्यानं एकमेकींना थेट जोडायच्या. इंडिकेटर दिल्यावर दिवा न लुकलुकता नुसताच पेटला, तर बाकी वाट साफ आहे, रिले खराब. दिवा पेटलाच नाही, तर बिचाऱ्या रिलेला नावं ठेवू नका, खोट पुढं आहे. माझा रिले तर नवाकोरा. पास. पाचवा स्विच. त्यात धूळ आणि पावसाचं पाणी जाऊन कॉन्टॅक्ट काळे पडतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले, दहा वेळा डावी-उजवी केलं. पास.

राहिला अर्थ.

इथं मल्टिमीटरची एक लबाडी सांगतो. मीटरमध्ये 'बीप' वाजवणारा एक मोड असतो. वायरीच्या दोन टोकांना लावायचं, वाट जोडलेली असेल तर बीप. मी मागच्या इंडिकेटरचा लोखंडी दांडा आणि बॅटरीचा मायनस यांना लावलं. बीप! म्हटलं, अर्थ ओके. पण हा बीप म्हणजे मुलाखतीत 'टीमवर्क जमतं का?' विचारल्यावर येणारं 'हो सर' असतं. मीटर अगदी इवलासा करंट सोडून विचारतो. तेवढा गंजातूनही जातो. खरा लोड आल्यावर काय होतं ते वेगळंच.

म्हणून तपासायचं ते काम चालू असताना. इंडिकेटर लावून ठेवायचा, मीटर व्होल्टवर, एक टोक बल्बच्या होल्डरच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. दिवा पेटेल त्या क्षणी आकडा शून्याच्या जवळ हवा. माझा आला १.४!

म्हणजे बारापैकी जवळजवळ दीड व्होल्ट गंज खात होता. दहा वॅटचा एक बल्ब सव्वाआठशे-साडेआठशे मिलिअँपिअर ओढतो. त्या वाटेत दोनेक ओहमचा गंज बसला तरी एवढे व्होल्ट गेलेच समजा. आणि बल्बची गंमत अशी की व्होल्ट आठवा भाग कमी झाले तर उजेड आठवा भाग कमी होत नाही, एक तृतीयांशाच्या वर पडतो. दुपारच्या उन्हात असला इंडिकेटर म्हणजे नुसती पिवळी काच.

मडगार्डखालचा बोल्ट काढला. पंचवीस पावसाळ्यांचा गंज! पॉलिश पेपरनं घासून चकचकीत लोखंड काढलं, नवा स्टार वॉशर टाकला, वरून थोडं ग्रीस. पुन्हा मीटर. ०.१. दिवा असा पेटला की शेजारच्या काकू बाल्कनीतून म्हणाल्या, "आता बरा दिसतोय हो!" मी आईकडे चहाची ऑर्डर दिली आणि ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'तीन मेकॅनिक हरले, एक कॉमर्सवाला जिंकला.' एकवीस अंगठे आले.

मंगळवारी संध्याकाळी जिंकणं संपलं. आकाशवाणी चौकात उजवीकडे वळलो. पाठोपाठ स्कूटीवर ऑफिसातलीच एक मैत्रीण होती. घरी पोहोचतो तोच तिचा फोन. "काय रे विजेत्या, तुझा मागचा इंडिकेटर वळताना गेला की! सिग्नलला उभा होतास तोवर चालू होता."

उभा होतास तोवर चालू होता.

अर्थ खराब होता, हे खरं. पण बस अंगावर आली ती अर्थमुळे नाही. मी एक खरा बिघाड शोधला आणि तोच एकमेव बिघाड आहे असं समजून चहा पिऊन मोकळा झालो.

त्या रात्री जेवताना मी सगळं बाबांना सांगितलं. बसपासून. तोवर घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी घास हातातच ठेवला, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तू कशी तपासलीस?"

मी बॅटरीपासून अर्थपर्यंत सगळं धडाधड सांगितलं. आकड्यांसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

"गाडी स्टँडवर होती?"

"हो."

"हँडल सरळ?"

"हो."

"मग बरोबर आहे. बिघाड वळताना होतोय आणि तू उभी करून तपासतोयस."

ताट तसंच ठेवून आम्ही अंगणात आलो. बाबा मागं उभे राहिले, कमरेवर हात. मी बसलो, किल्ली फिरवली, उजवा इंडिकेटर दिला.

"लागला," बाबा म्हणाले. "लागला. लागला. आता हळूच उजवीकडे फिरव."

मी हँडल फिरवलं.

"लागला... लागला... गेला."

सरळ केलं. "लागला." फिरवलं. "गेला." माझ्या समोरचा दिवा मात्र दोन्ही वेळा मजेत लुकलुकत होता. टिकटिक जशीच्या तशी. मला पुढं बसून काही म्हणजे काही कळत नव्हतं. कळणार फक्त मागच्याला. त्या मागच्याला, ज्याच्या हातात माझा जीव आहे!

बाबांनी टाकी सैल करायला लावली. कुठल्याही मोटरसायकलला एक मान असते, फ्रेम आणि हँडल जिथं जोडलेलं असतं ती. हेडलाइटच्या मागं वायरींचा एक जुडगा असतो, तो या मानेच्या बाजूनं टाकीखाली शिरतो आणि मागं जातो. पुढचा इंडिकेटर हँडलबरोबर फिरतो, त्याची वायर कधी ताणली जात नाही. मागच्याची वायर मात्र प्रत्येक वळणाला वाकते, सरळ होते, वाकते. आमच्या गाडीत जुडगा डाव्या बाजूनं जातो. हँडल उजवीकडे फिरलं की तो ताणला जातो. दिवसातून पन्नास वळणं धरा आणि पंचवीस वर्षांचा गुणाकार करा. वायरीचं रबर टिकतं. आतले तांब्याचे केस एकेक करून तुटतात. बाहेरून वायर अखंड, आतून दोन टोकं एकमेकांना जेमतेम टेकलेली. हँडल सरळ असताना गळाभेट, वळलं की ताटातूट.

आता तो जुडगा नेमका एका ठिकाणी आवळलेला दिसला. प्लॅस्टिकच्या काळ्या पट्टीनं, म्हणजे केबल टायनं, फ्रेमला करकचून बांधलेला. हलायला जागाच नाही, म्हणून सगळा वाक त्या एका बिंदूवर येत होता. बाबांनी बॅटरी मारली. टायच्या खाली निळ्या वायरीचा एक कापलेला तुकडा लोंबत होता.

ती निळी वायर मी ओळखली.

कॉलेजात असताना गाडीला निळे एलईडी लावले होते मी. पुढं, नंबर प्लेटच्या बाजूनं. कॅनॉट प्लेसला संध्याकाळी गाडी लावली की चमकायचे. आठ दिवस बाबांशी भांडून लावलेले. वायरी मीच खेचल्या होत्या आणि टाय मीच आवळला होता, पक्कडीनं ओढून. एलईडी वर्षभरात गेले. टाय राहिला.

म्हणजे तीन मेकॅनिकना, जुन्या गाडीला आणि त्या बसवाल्याला मी मनातल्या मनात जे काही म्हटलं होतं, ते सगळं पत्ता चुकून गेलेलं होतं.

बाबा काहीच म्हणाले नाहीत. फक्त कटर पुढं केला.

टाय कापला. रबर सोललं. आत तांबं हिरवं पडलेलं, चारदोन केस शिल्लक. आता इथंही एक धडा आहे. माझा विचार होता, तुटलं तिथंच डाग देऊन जोडू. बाबा म्हणाले, अजिबात नाही. सोल्डर केलेला भाग कडक होतो. वाकणाऱ्या जागी कडक सांधा दिला की त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते, आधीपेक्षा लवकर. म्हणून मानेच्या अलीकडे हेडलाइटच्या आत एक सांधा, पलीकडे टाकीखाली एक, आणि मधला वाकणारा तुकडा अख्खा नवा, बारीक केसांच्या लवचीक वायरीचा. सांध्यांवर उष्णतेनं आक्रसणारी नळी. जाडी जुनीइतकीच. डावीकडची वायरही त्याच वाटेनं जाते, तीही आज ना उद्या जाणार, म्हणून तीसुद्धा बदलली. आणि मानेपाशी थोडा झोल ठेवला. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं, कुठं ताण येत नाही ना. खर्च चाळीस रुपये. रात्रीचे साडेअकरा.

पण मला खरी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीनं. त्या पहिल्या रिलेनं.

जुन्या पद्धतीच्या रिलेत करंटनं तापणारी धातूची पट्टी असते. तापली की वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, दिवा विझतो. थंड झाली की परत जोडते. तिचा ताल दोन बल्बांच्या करंटवर बसवलेला असतो. एक बल्ब गळाला की करंट अर्धा, पट्टी पुरेशी तापत नाही. मग टिकटिक मंदावते, नाहीतर दिवा नुसताच पेटून राहतो. बऱ्याच कारमध्ये उलट करतात. एक बल्ब गेला की टिकटिक मुद्दाम दुप्पट वेगानं. दोन्हीकडे निरोप एकच: बाबा रे, तुझा एक दिवा गेलाय, तुला दिसत नाही म्हणून सांगतोय. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटर मिनिटाला किमान ६० आणि जास्तीत जास्त १२० वेळा लुकलुकायला हवा असं लिहिलंय. त्यापेक्षा कमी-जास्त टिकटिक ऐकू आली तर ती गाडीची तक्रार असते.

माझी गाडी तेच तर सांगत होती! उजवीकडे वळलं की टिकटिक मंद. किती स्पष्ट सांगायचं तिनं? आणि मी काय केलं? दीडशे रुपये देऊन सांगणाऱ्यालाच बदललं. नवा इलेक्ट्रॉनिक रिले किती बल्ब पेटलेत याची फिकीर करत नाही. एक असो, दोन असोत, ताल तोच. बिघाड होता तिथंच राहिला, फक्त बातमी बंद झाली. जुना रिले असता, तर त्या सोमवारी वळताना टिकटिक अडखळली असती आणि कदाचित मी मान वळवून मागं बघितलं असतं.

म्हणून एलईडी इंडिकेटर लावणाऱ्या दोस्तांनो, तुमच्यासाठी खास सूचना. एलईडी करंट अगदी कमी खातात, म्हणून जुना रिले त्यांच्यावर चालत नाही आणि दुकानदार हा इलेक्ट्रॉनिक रिले देतो. काही हरकत नाही. पण मग एक दिवा गेल्याचं गाडी तुम्हाला सांगेलच असं नाही. ते काम तुम्हाला स्वतः करावं लागेल. आणि मीटरवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असेल, तर एलईडी लावल्यावर कधीकधी चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. उजवीकडचा करंट त्या हिरव्या दिव्यातून डावीकडे घरंगळतो. तेही वायरिंगवाल्याकडून दुरुस्त करून घ्या. 'पार्किंग लाइट फ्री मिळाली' म्हणून खूश होऊ नका. मागच्याला तुम्ही डावीकडे जाताय की उजवीकडे, कळत नाही.

आता बाबांची गोष्ट. बाबा वळताना अजून हात दाखवतात. उजवा हात खांद्यातून सरळ बाहेर, तळवा पुढं. लायसन्सच्या परीक्षेला पाठ केलेला आणि बाहेर पडल्यावर आपण विसरलेला तो हात. लहानपणी मला त्याची भारी लाज वाटायची. मित्र मागून सायकलवर येत असायचे, आणि आमचे बाबा क्रांती चौकात हात पसरून, जणू विमान उतरवतायत. गाडीला इंडिकेटर आहे की! एकदा म्हटलंही होतं तसं. तेव्हा ते काही बोलले नव्हते.

त्या रात्री हात धुताना मी विचारलं, "बाबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का, मागचा लागत नाही ते?"

"नाही रे. मला कसं दिसणार?" ते साबण चोळत म्हणाले. "मागचा दिवा मला दिसत नाही. हात दिसतो."

बुधवारी मी पुन्हा नगर रोडला. पंढरपूरचा चौक. मागं पुन्हा एक बस. तीच असेल असं नाही, पण माझ्या दृष्टीनं आता सगळ्या बसेस त्याच. उजवा इंडिकेटर दिला. आरसा बघितला. आणि हँडल फिरवायच्या आधी, आजूबाजूला ऑफिसचं कोणी नाही ना याची खात्री न करता, उजवा हात सरळ बाहेर काढला. हात परत हँडलवर घेतला आणि वळलो. बस थांबली. ड्रायव्हरनं दोन बोटं कपाळाला लावली.

तर आज संध्याकाळी एक काम करा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एखाद्या कलीगला दोन मिनिटं आपल्या गाडीमागं उभं करा. इंडिकेटर द्या. हँडल सरळ ठेवून बघा, मग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. ब्रेक दाबूनही बघा. त्यानं नुसतं 'लागला, लागला, गेला' एवढंच म्हणायचं. मग त्याच्या गाडीमागं तुम्ही उभे राहा.

कलीग फारच बिझी असला तर त्याला कटिंग पाजा. दीडशेच्या रिलेपेक्षा स्वस्त पडतं.